गाडी उभी म्हणजे ड्रायव्हर मोकळा नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला. परिचारिका, वीजतंत्री, प्लंबर यांच्याबरोबर बस आणि ट्रकचे चालकही त्या यादीत आहेत. तेव्हापासून जर्मन भाषेच्या पातळ्या, व्हिसा, पगार, तिकडची थंडी यांवर बरेच छापून येते. जाऊ इच्छिणारी मुलेही तेच विचारतात. ट्रकच्या केबिनमधल्या टॅकोग्राफबद्दल, म्हणजे चालकाच्या वेळेची नोंद ठेवणाऱ्या पेटीबद्दल, मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. तिकडे चालकाचे कामाचे तास, त्याला होणारा दंड आणि बऱ्याचदा त्याची नोकरीही त्या पेटीत काय नोंदले गेले यावर ठरते. त्यातही सर्वांत जास्त घोळ होतो तो थांबण्याच्या नोंदीत. म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

आधी आपल्याकडची सवय. चाकण-तळोज्याच्या कारखान्यांच्या गेटबाहेर किंवा न्हावा-शेव्याच्या रांगेत गाडी बारा तास उभी राहिली, तर ते बारा तास कोणाच्याच हिशेबात नसतात. पार्टी म्हणते, नंबर आला नव्हता. मालक म्हणतो, गाडी उभीच होती, तू झोपला असशील. हॉल्टिंग (गाडी अडकून राहिल्याचे पैसे) मिळालेच तर ते गाडीला मिळते, चालकाला नाही. कायदा असा नव्हता बरे. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने माल भरणे-उतरवणे, गाडीची देखभाल, रजिस्टरवर सह्या करणे ही सगळी पूरक कामे कामाच्या तासांत धरली होती आणि सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. पण गाडीत नोंद ठेवणारे काही नव्हते, त्यामुळे 'गाडी उभी म्हणजे ड्रायव्हर मोकळा' हाच रस्त्यावरचा कायदा झाला. ही समजूत घेऊन जो जर्मनीत जाईल, त्याच्या टॅकोग्राफच्या कार्डावर पहिल्याच आठवड्यात चुका साचू लागतील.

टॅकोग्राफ म्हणजे कारच्या रेडिओएवढी पेटी. साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांत ती सक्तीची आहे. तिला दोन खाचा असतात, पहिली चालकाच्या कार्डासाठी, दुसरी सोबतच्या चालकासाठी. पावतीसारखा कागद छापणारा छोटा प्रिंटर आतच असतो. चालकाची प्रत्येक मिनिटाची स्थिती चारपैकी एका चिन्हात नोंदली जाते. स्टिअरिंग म्हणजे गाडी चालवणे. एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन हातोडे म्हणजे इतर काम. तिरपी रेघ मारलेला चौकोन म्हणजे उपलब्धता, तिकडच्या बोलण्यात 'बेराइटशाफ्ट'. आणि खाट म्हणजे विश्रांती, मग ती पंधरा मिनिटांची असो वा रात्रभराची.

यातले स्टिअरिंग बटणाने येत नाही, चाक फिरले की आपोआप येते. गाडी थांबली की पेटी आपोआप हातोड्यांवर जाते. खाट आणि चौकोन चालकानेच 1 क्रमांकाचे बटण दाबून आणायचे असतात. अर्थ सरळ आहे: पार्किंगमध्ये गाडी लावून, पडदे ओढून चालक तासभर झोपला आणि बटण दाबायला विसरला, तर पेटीच्या लेखी तो तासभर काम करत होता. उठून पुढे निघाला की विश्रांतीशिवाय चालवण्याच्या साडेचार तासांच्या मर्यादेचा हिशेब मागच्या पानावरून पुढे सुरू. काही गाड्यांत वर्कशॉपने असे सेटिंग केलेले असते की चावी बंद केली की खाट आपोआप येते. ज्याला अशा गाडीची सवय लागते तो दुसऱ्या गाडीत हमखास फसतो. म्हणून चावी बंद केल्यावर पडद्यावर खाट दिसते का हे पाहूनच सीटवरून उठायचे. हँडब्रेक ओढण्याइतकी ही सवय अंगवळणी पडायला हवी.

आता विश्रांतीचे गणित. युरोपीय संघाच्या 2006 च्या 561 क्रमांकाच्या नियमावलीनुसार साडेचार तास गाडी चालवल्यानंतर 45 मिनिटांची विश्रांती लागते. ती दोन तुकड्यांत घेता येते, पण पहिला तुकडा किमान 15 मिनिटांचा आणि दुसरा किमान 30 मिनिटांचा, याच क्रमाने. आधी 30 आणि मग 15 घेतले तर बेरीज 45 होऊनही नियम पाळला जात नाही. 14 मिनिटांचा थांबा तर कशातच धरला जात नाही.

याच्या शेजारी दुसरा नियम आहे आणि गोंधळ नेमका तिथे होतो. 2002 च्या कामाच्या वेळेच्या निर्देशानुसार चालवणे आणि हातोडे मिळून सलग सहा तासांपेक्षा जास्त काम विश्रांतीशिवाय करता येत नाही. दिवसाचे एकूण काम सहा ते नऊ तास असेल तर 30 मिनिटे, नऊच्या वर गेले तर 45 मिनिटे विश्रांती लागते आणि इथे 15-15 मिनिटांचे तुकडे कोणत्याही क्रमाने चालतात. दोन तास गाडी चालवून चार तास माल उतरवणाऱ्याला वाटते, माझे चालवणे तर दोनच तास झाले, मला कशाला विश्रांती? पेटीची ठळक सूचना येते ती चालवण्याच्या सव्वाचार तासांना, म्हणजे मर्यादेच्या पंधरा मिनिटे आधी. सहा तासांच्या कामाची आठवण प्रत्येक पेटी करून देईलच असे नाही, ती डोक्यात ठेवावी लागते.

एक दिवस कागदावर मांडून पाहू. पहाटे 5:00 ला कार्ड घातले, 15 मिनिटे टायर, दिवे, माल बांधलेले पट्टे तपासले: हातोडे. 5:15 ते 8:00 गाडी चालवली. 8:00 ते 8:20 खाट. 8:20 ते 9:50 पुन्हा चालवली. 9:50 ते 10:10 गोदामाच्या खिडकीवर कागदपत्रे: हातोडे. 10:10 ते 10:35 खाट आणि 10:35 ला निघाला. आता हा चालक किती वेळ गाडी चालवू शकतो? आपली मुले चटकन म्हणतात, 20 आणि 25 मिळून 45 झाले, पुढे नवे साडेचार तास. उत्तर आहे फक्त 15 मिनिटे. चालवणे 2:45 आणि 1:30 मिळून 4:15 झाले आहे आणि दुसरा तुकडा 30 मिनिटांचा नसल्याने घड्याळ शून्यावर आलेलेच नाही. गंमत अशी की कामाच्या वेळेच्या नियमासाठी हेच 20 आणि 25 पूर्णपणे चालतात. एकाच विश्रांतीने एक नियम पाळला जातो आणि दुसरा मोडतो. गोदामाच्या आवारात आणखी पाच मिनिटे थांबला असता तर दोन्ही सुटले असते. आता त्याला पंधरा मिनिटांच्या आत जागा शोधून पूर्ण 30 मिनिटे थांबावे लागेल, आणि महामार्गावरच्या भरलेल्या पार्किंगमध्ये तेवढ्या वेळात जागा मिळणे म्हणजे दादरला संध्याकाळी लोकलमध्ये खिडकी मिळण्यासारखे आहे.

मिनिट कसे मोजले जाते तेही पाहण्यासारखे आहे. पेटी सेकंदांचा हिशेब ठेवून घड्याळातले प्रत्येक मिनिट एकाच चिन्हाला देते. त्या मिनिटात जी स्थिती सर्वांत जास्त वेळ सलग होती तिला पूर्ण मिनिट मिळते. समजा गाडी 10:00 वाजून 40 सेकंदांनी थांबली आणि खाटेचे बटण 10:01 वाजून 35 सेकंदांनी दाबले. 10:01 चे मिनिट हातोड्यांना गेले, खाट 10:02 पासून. चालकाने मोबाइलवर पाहिले होते 10:01, म्हणून तो 10:46 ला निघाला, 20व्या सेकंदाला. ते मिनिट स्टिअरिंगला गेले. खाटेला उरली 10:02 ते 10:45 अशी 44 मिनिटे. मोबाइलच्या घड्याळाने 45, पेटीच्या हिशेबाने 44, आणि तपासणी पेटीच्या हिशेबाने होते. त्यामुळे 45 च्या जागी 47-48 आणि 15 च्या जागी 17 मिनिटे धरून चालावे. थांबल्यावर पेटीच्या पडद्यावर विश्रांतीची मिनिटे दिसतात, निघताना बघायचे ते तेच आकडे.

आता मुख्य विषय, वाट पाहणे. चालक गोदामाच्या दाराशी पोहोचतो. माल चढवण्या-उतरवण्याच्या ओट्याला तिकडे 'रांपं' म्हणतात. नंबर लागायचा असतो. ही वेळ हातोड्यांत घालायची, चौकोनात की खाटेत? उत्तर दोन प्रश्नांवर अवलंबून आहे: किती वेळ लागणार हे आधी सांगितले आहे का, आणि चालकाला गाडीपाशी थांबावे लागणार आहे का. 2002 च्या त्याच निर्देशाचे शब्द स्पष्ट आहेत. चालक स्वतःच्या मनाप्रमाणे वेळ घालवू शकत नसेल, गाडीपाशी तयार राहावे लागत असेल, विशेषतः माल भरण्या-उतरवण्याची वाट पाहताना किती वेळ लागेल हे आधी माहीत नसेल, तर ती वेळ कामाची. म्हणजे हातोडे. गाडीपाशी थांबण्याची गरज नाही, पण बोलावले की यायचे आहे आणि साधारण किती वेळ लागेल हे थांबण्यापूर्वीच कळले आहे, तर चौकोन. आणि दोन तास कोणी बोलावणार नाही, जेवा, झोपा, फिरून या, असे असेल तर ती वेळ चालकाची स्वतःची, म्हणजे खाट.

म्हणून गेटवरच्या माणसाला दोन वाक्ये विचारायची आणि ती जर्मन भाषेच्या पहिल्या धड्यातच यायला हवीत. 'वी लांगं डाउअर्ट एस?' म्हणजे किती वेळ लागेल, आणि 'मुस इश इम फारत्सोयक ब्लायबन?' म्हणजे मला गाडीत थांबावे लागेल का. उत्तर मिळाले की वेळ आणि उत्तर वहीत लिहायचे: '9:50, गेट, दोन तास सांगितले, मोबाइलवर बोलावतील.' पुढे कधी प्रश्न आला तर चौकोन किंवा खाट का दाबली याचे कारण हाताशी असते. 'माहीत नाही, रांगेत राहा, पुढची गाडी सरकली की सरका' असे उत्तर आले तर बटणाला हात लावायचा नाही. तसेही रांगेत सरकताना खाट टिकत नाही. बाराव्या मिनिटाला दहा मीटर पुढे घेतली की विश्रांती तुटली, आणि बारा मिनिटे पंधरापेक्षा कमी म्हणून तीही गेली. अशा रांगेत दीड तास काढूनही चालकाच्या नावावर एक मिनिट विश्रांती जमा नसते. महामार्गावरच्या मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या कोंडीतही हेच.

चौकोनाबद्दल तीन गोष्टी घट्ट लक्षात ठेवायच्या. चौकोनाची वेळ आठवड्याच्या कामाच्या तासांत (सरासरी 48, जास्तीत जास्त 60) धरली जात नाही. ती गाडी चालवण्यातही धरली जात नाही. आणि एकट्या चालकासाठी ती 45 मिनिटांची विश्रांतीही नव्हे. दोन चालकांच्या गाडीत मात्र शेजारी बसलेल्याला, तो चालवणाऱ्याला कसलीही मदत करत नसेल तर, धावत्या गाडीत 45 मिनिटांची विश्रांती घेता येते. सीमेवरची वाट आणि वाहतूकबंदीमुळे थांबणे यांची उदाहरणे निर्देशानेच चौकोनासाठी दिली आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्गमधून स्वित्झर्लंडला जाणाऱ्यांना वाइल आम ऱ्हाइन इथल्या सीमाशुल्क नाक्यावर हा प्रसंग रोजचा. पण तिथेही वेळेचा अंदाज आधी कळलेला असला पाहिजे, आणि कागद घेऊन खिडकीवर उभे राहिले की ते पुन्हा हातोडे.

वाट पाहण्याने दिवस लांबत नाही. चालकाचा दिवस म्हणजे काम सुरू केल्यापासून 24 तास, आणि त्या 24 तासांतच 11 तासांची सलग विश्रांती संपली पाहिजे. दोन साप्ताहिक विश्रांतींच्या मध्ये तीन वेळा ती 9 तासांवर आणता येते. पहाटे 5 ला सुरू केले तर संध्याकाळी 6 ला गाडी लागली पाहिजे, 9 तासांची सवलत वापरली तर रात्री 8 ला. मधले चार तास गोदामाच्या दारात गेले, त्यावर चौकोन दाबला, तरी 6 चे 10 होत नाहीत. 'दिवसभर गाडी चाललीच नाही, आता रात्री काढू' हा आपल्याकडचा हिशेब तिथे चालत नाही.

पण इथेच एक वाट आहे आणि ती माहीत नसल्याने चालक तिचा फायदा घेत नाहीत. दैनंदिन विश्रांती दोन भागांत घेता येते, आधी किमान 3 तास सलग आणि नंतर किमान 9 तास सलग. गोदामाने 10 ते 1 असे तीन तास आधी सांगितले, गाडीपाशी थांबायचे नाही, माल गोदामाची माणसे उतरवणार, तर 10 ला खाट दाबून तीन तास पूर्ण खाटच ठेवायची. मग काम रात्री 8 पर्यंत चालू शकते, पहाटे 5 पर्यंत 9 तास होतात, आणि आठवड्यातल्या तीन सवलतींपैकी एकही खर्च होत नाही. त्याच तीन तासांवर सवयीने चौकोन दाबला तर ही सोय गेली. मध्ये कोणी येऊन 'गाडी जरा पुढे घ्या' म्हणाले आणि घेतली, तरीही गेली. म्हणून गाडी ओट्याला नीट लावून झाल्यावरच खाट दाबायची, आणि मध्ये हलवावी लागणार का हेही आधीच विचारायचे.

उलट दिशेची चूक जास्त गंभीर. माल उतरवताना, पॅलेट ओढताना, पट्टे आवळताना, डिझेल भरताना खाट दाबून ठेवायची, म्हणजे कामाचे तास वाचतात आणि 45 मिनिटेही फुकटात होतात. काही ठिकाणी वरून तशा सूचनाही येतात, तोंडी, लेखी कधीच नाही. हे पकडले जाते ते फार साध्या कारणांनी. माल मिळाल्याच्या कागदावर सही आणि वेळ असते. डिझेलच्या पावतीवर वेळ असते. 10:20 ची पावती आणि कार्डावर 10:00 ते 10:45 खाट, एवढे पुरते. दिवसाची सुरुवात कार्ड घातल्या मिनिटाला थेट स्टिअरिंगने झालेली दिसली, तपासणीचे एकही मिनिट हातोड्यांत नाही, तर बाल्म म्हणजे जर्मनीच्या वाहतूक तपासणी यंत्रणेचा अधिकारी तिथूनच खोदायला लागतो. दंड चालकालाही होतो आणि कंपनीलाही. शिवाय जी वेळ चालकाने स्वतःच्या हाताने खाट म्हणून नोंदवली, त्या वेळेचा पगार नंतर मागायला तो कोणत्या तोंडाने जाणार? चौकोनाच्या वेळेचे पैसे कसे मिळतात हे सही करण्यापूर्वी नोकरीच्या करारात वाचून घ्यावे. फेरीवर किंवा किलोमीटरवर पैसे ही आपल्याकडची पद्धत, पण रस्त्यावरची सुरक्षितता धोक्यात येईल अशा रीतीने अंतरावर, वेगावर किंवा मालाच्या वजनावर पैसे बांधायला 561 क्रमांकाच्या नियमावलीने मनाई केली आहे.

कार्ड बाहेर असतानाची वेळ हा नवख्यांना घाम फोडणारा भाग. कार्ड घातले की पेटी आधी ते शेवटचे कधी काढले हे दाखवते आणि मधली वेळ भरायची का असे विचारते. जर्मनमध्ये याला 'नाखट्राग' म्हणतात. घाईत 'नाही' दाबले की मधल्या सगळ्या तासांवर प्रश्नचिन्ह बसते, आणि प्रश्नचिन्ह म्हणजे विश्रांती नव्हे. रात्री मस्त झोप झालेली असते, पण पुरावा नसतो. समजा काल 17:40 ला कार्ड काढले, त्यानंतर वीस मिनिटे ऑफिसात कागद देण्यात गेली, सकाळी 5:15 ला गाडीभोवती फेरी मारून तपासणी केली आणि 5:30 ला कार्ड घातले. तर नोंद अशी: 17:40 ते 18:00 हातोडे, 18:00 ते 5:15 खाट, 5:15 ते 5:30 हातोडे. शेवटी काम कोणत्या देशात सुरू झाले ते निवडायचे, जर्मनीसाठी 'डी'. काम संपवतानाही देश टाकायचा असतो, तो सर्रास राहतो. केलहून ऱ्हाइन ओलांडून स्ट्रासबुर्गला गेलात तर फ्रान्सची नोंद व्हायला हवी. 21 ऑगस्ट 2023 नंतर नोंदणी झालेल्या नव्या गाड्यांमधली दुसऱ्या पिढीची स्मार्ट पेटी सीमेची नोंद स्वतः करते. जुन्या पेटीत सीमेनंतरच्या पहिल्या शक्य थांब्यावर ती हाताने करावी लागे, पण ऑगस्ट 2025 पासून सीमेपार जाणाऱ्या गाड्यांत नवीच पेटी लागते.

वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत नोंदली जाते, हेही आधीच सांगितलेले बरे. जर्मनीची वेळ हिवाळ्यात त्यापेक्षा एक तास पुढे, उन्हाळ्यात दोन तास. जुलैमध्ये 17:40 ला काढलेल्या कार्डाची नोंद छापील कागदावर 15:40 दिसते. पेटी बिघडली असे समजून तिच्यात खुडबुड करू नये. हाताने नोंद भरताना पडद्यावर स्थानिक वेळ मागितली आहे की यूटीसी, हे आधी बघावे. काही पेट्या एक मागतात, काही दुसरी. दोन तासांची गल्लत झाली तर 11 तासांची विश्रांती कागदावर 9 ची दिसू शकते.

चूक झालीच तर? नोंदलेले मिनिट बदलता येत नाही. बटण राहिले, चौकोनाऐवजी हातोडे गेले, तर लगेच त्या दिवसाचा कागद छापायचा आणि मागच्या बाजूला काय झाले ते वेळेसह लिहून सही करायची. याने नोंद सुधारत नाही, पण तपासणाऱ्याला चूक आणि लबाडी यांतला फरक कळतो, आणि तो त्याच दिवशी लिहिलेल्या शब्दांवर जास्त विश्वास ठेवतो. पार्किंग भरलेले होते म्हणून सुरक्षित जागेपर्यंत जाण्यासाठी साडेचार तासांच्या पुढे काही मिनिटे गेली, तर त्याचेही कारण असेच, योग्य थांब्यावर पोहोचताच लिहायचे. संध्याकाळी आठवून लिहिलेले चालत नाही. हा कागद उष्णतेने काळा पडतो. काचेजवळ डॅशबोर्डवर ठेवलेला कागद उन्हाळ्यात महिनाभरात वाचता येत नाही, म्हणून फाइलमध्ये, आणि गाडीत एक जादा रोल कायम. रस्त्यावरच्या तपासणीत चालू दिवस आणि मागचे 56 दिवस दाखवावे लागतात. 31 डिसेंबर 2024 पूर्वी हे 28 दिवस होते, जुन्या पुस्तिकांत अजून तेच छापलेले सापडते. कार्ड हरवले तर सात दिवसांत नव्यासाठी अर्ज, आणि तोवर जास्तीत जास्त पंधरा दिवस कार्डाशिवाय गाडी चालवता येते, तीही रोज सुरुवातीला आणि शेवटी कागद छापून, त्यावर नाव, कार्डाचा किंवा परवान्याचा क्रमांक आणि सही.

साप्ताहिक विश्रांतीचे एक वाक्य पुरे: 45 तासांची पूर्ण विश्रांती केबिनमध्ये घेता येत नाही, राहण्याची सोय कंपनीने करायची.

आता मागणी. परदेशी पाठवण्यापूर्वीच्या प्रशिक्षणात टॅकोग्राफला किमान दोन पूर्ण दिवस द्यावेत आणि त्यातला एक फक्त थांबण्याच्या नोंदींसाठी असावा. त्यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. चोवीस चौकटींची पट्टी छापलेला कागद, चार रंगांच्या पेन्सिली आणि वर दिलेल्यासारखी पन्नास उदाहरणे एवढ्यावर काम भागते. शिकवणाऱ्याने गेटवरचा माणूस व्हावे, जर्मनमध्ये वेगवेगळी उत्तरे द्यावीत, आणि शिकणाऱ्याने कोणते चिन्ह आणि का हे सांगावे. भाषेचा वर्ग आणि गाडीचा वर्ग वेगळे ठेवण्याचा तोटा इथेच होतो. 'रेल्वेस्थानक कुठे आहे' हे चालकाला अस्खलित येते, 'मला गाडीत थांबावे लागेल का' हे येत नाही.

आणि आपल्याकडच्या कारखान्यांसाठी एक छोटी सूचना, टॅकोग्राफ नसतानाही आजच अमलात आणता येईल अशी. गेटवर गाडी आली की दोन प्रतींत चिठ्ठी फाडावी. तिच्यावर चार वेळा असाव्यात: गेटवर पोहोचली, ओट्याला लागली, माल भरून किंवा खाली होऊन सुटली, कागद हातात मिळाले. एक प्रत चालकाकडे, एक बिल्टीसोबत. हॉल्टिंगचे भांडण निम्मे तिथेच मिटेल, आणि ते बारा तास कोणाचे होते याचा पहिल्यांदाच काही लेखी पुरावा राहील. काही मोठ्या कारखान्यांत आत-बाहेरची वेळ संगणकावर नोंदली जातेच. फक्त तिची प्रत चालकाला द्यायची आहे.

आपला,
मालवाहू चालकांना टॅकोग्राफ शिकवणारा एक प्रशिक्षक, पुणे